वाचनालयातला तांबडा दिवा

वाचनालयात आवाज कोण करतं, याबद्दल ग्रंथपालबाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. एक तर खिडकीपाशी परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुली, नाहीतर खुर्ची फरफटवल्याशिवाय ज्यांना बसताच येत नाही ते पेन्शनर आजोबा. तक्रारवही भरत आली होती. चिटणीसांनी बजावलं होतं, "महिनाअखेरपर्यंत शांतता झाली नाही तर इथे दुसरं कोणी बसेल. तुम्ही तळघरात बांधणीचं काम बघा."

अठ्ठावीस वर्षं वाचकांत काढलेल्या बाई मुकाट्याने तळघरात जाणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी वायरमन दिराला कामाला लावलं. त्याने त्यांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर कानाच्या आकाराचा मोठा दिवा बसवला. कुजबुज असेल तोवर हिरवा, बोलणं वाढलं की पिवळा, गोंगाट झाला की तांबडा.

पहिल्याच सकाळी दिवा पिवळा झाला. बाई ताडकन उठल्या. "शांतता राखा!" दिवा तांबडा. "कोण बोलतंय?" तांबडाच. मुली पुस्तकात तोंड खुपसून हसत होत्या.

संध्याकाळी सगळे गेल्यावर बाईंनी दिराला बोलावून घेतलं. "भावजी, तुमचा दिवा बिघडलाय."

दिवा तांबडा झाला. दालनात दोघंच होती.

दीर जरा घुटमळला. "वहिनी, दिवा ठणठणीत आहे. तुम्ही घरीही असंच बोलता. दाराची बेल वाजली तरी तुम्हाला कळत नाही. कान दाखवून घे म्हणून दादा वर्षभर मागे लागलाय."

बाईंनी तक्रारवही उघडली. 'फार आवाज होतो' एवढंच पानोपानी होतं. कोणाचा, ते भिडेपोटी एकानेही लिहिलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण रडत बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली, आणि रोज अर्धा तास आधी येऊन दिव्यापुढे उभ्या राहू लागल्या. "पुस्तक कधी परत करणार?" पिवळा. "पुस्तक कधी परत करणार?" हिरवा. आठवड्याभरात आवाज मुठीत आला. वाचकांचा गलका झालाच तर त्या तोंड न उघडता दिव्याकडे बोट दाखवत.

महिनाअखेरीला चिटणीस आले ते दारातूनच गरजत. "काय बाई, जमलं का?"

तांबडा. चाळीस माना वळल्या. बाईंनी बोट वर केलं. चिटणीस ओशाळले, आणि टेबलाशी येऊन इतकं हळू काहीतरी बोलले, की बाईंना नुसते ओठ हललेले दिसले.

एरवी त्यांनी मान डोलावून वेळ मारून नेली असती. आज त्यांनी हाताशी होती ती तक्रारवही आणि पेन पुढे सरकवलं.

"मला कमी ऐकू येतं," त्या म्हणाल्या, आणि दिवा हिरवाच राहिला. "लिहून द्या. आणि मी तळघरात जाणार नाही."

चिटणीसांनी दिव्याकडे पाहिलं, गप्प दालनाकडे पाहिलं आणि लिहिलं, 'आज आवाज चिटणीसांनी केला. ग्रंथपाल आहेत तिथेच राहतील.'

खाली सही ठोकली. त्या वहीत नावानिशी केलेली ती पहिलीच तक्रार होती.