बसऱ्यातला पारखी

माझा नवरा अबू नुमैर हदीसचा मोठा पंडित. पण खरा हातखंडा माणसं खोडण्यात. पैगंबरांचं वचन सांगणारा खरा की खोटा, त्याची आठवण शाबूत आहे की नाही, हे तो पारखायचा. बसऱ्यातल्या निम्म्या पांढऱ्या दाढ्या त्याने बाद केल्या. माझ्या सख्ख्या भावाच्या नावापुढे 'माणूस भला, डोकं गळकं' असं लिहून मोकळा झाला. तेव्हापासून भाऊ ईदलासुद्धा आमच्याकडे फिरकत नाही.

आणि आता स्वतःचंच डोकं गळायला लागलं. गेल्या खजुराच्या हंगामात मासा खाऊन हात धुतले, आणि विचारतो कसा, "आज उपाशी ठेवणार का?" मी हसले. मग आत जाऊन रडले. बाहेर कुणाला बोलले नाही. तो शिकवतच राहिला.

तरी बातमी फुटलीच. परवा थेट मर्वहून हमदूया आला. त्याचाच जुना शिष्य, आता स्वतः पारखी. दोन महिने उंटावर हाडं खिळखिळी करून आला, आणि अंगणात बसल्या बसल्या दौत उघडली.

"मावशी, शेखांचा गोंधळ कधीपासून होतो? त्याआधीचं शिकवलेलं ठेवतो, नंतरचं बाद. वेळ कळली नाही, तर सगळंच संशयात जाईल."

"गोंधळ? तुझ्यापेक्षा बरी आठवण आहे त्यांची!" मी ठणकावलं. धडधडीत खोटं. पण नवऱ्याची एका वर्षाची मेहनतसुद्धा बाद होऊ देववेना मला.

हमदूयाने ते लिहून घेतलं. तेवढ्यात नवरा काठी टेकत बाहेर आला.

"काय लिहितोस? कुणाकडून घेतलंस?"

"तुमच्याबद्दलच, शेख. यांच्याकडून."

नवऱ्याने मला निरखून पाहिलं. "ही कोण बाई?"

हमदूयाने लेखणी खाली ठेवली.

"मी हिला ओळखत नाही. अनोळखी माणसाची साक्ष घेतोस? हेच शिकवलं का मी तुला? खोड ते!"

आवाज तोच, पूर्वीसारखा कडक. मेला बायकोला विसरला, नियमाला नाही. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगते, अभिमानही वाटला.

"खोड," मी हमदूयाला म्हणाले. "आणि लिही, गेल्या खजुराच्या हंगामापासून."

नवऱ्याने मान डोलावली. "आता खरं बोलली. हिचं घे."

चाळीस वर्षांच्या संसारात माझ्याबद्दल इतकं चांगलं तो पहिल्यांदाच बोलला.