शेवटचा टाका

"थांब," भूलतज्ज्ञ म्हणाला.

सर्जनबाईंनी दातओठ खाल्ले. समोरच्या पडद्यावर बाळाच्या अन्ननलिकेची दोन टोकं एकदाची शेजारी आली होती. जन्मतःच वरचं टोक बंद, आणि खालचं भलतीकडेच, श्वासनलिकेला चिकटलेलं. ते सोडवून झालं होतं. एवढ्याशा छातीला तीन बारीक भोकं, त्यांतून लांब हत्यारं, आणि केसासारखा दोरा. शेवटची गाठ तेवढी राहिली होती.

"अरे, एक मिनिट दे ना!"

"तुझं मिनिट मला ठाऊक आहे. ऑक्सिजन घसरतोय. गॅस काढ."

जागा व्हावी म्हणून छातीत भरलेला गॅस काढला, की दबलेलं फुफ्फुस फुगायचं आणि टोकं दिसेनाशी व्हायची. पुन्हा गॅस, पुन्हा शोधाशोध, पुन्हा "थांब". सकाळपासून येरे माझ्या मागल्या! बाईंचा नुसता जळफळाट होत होता. "तीन भोकं फक्त, खूणसुद्धा शोधावी लागेल," असं त्या बाळाच्या आईला छातीठोकपणे सांगून बसल्या होत्या.

टोकं पुन्हा जुळली. "थांब," तो म्हणाला. बाईंनी न ऐकता गाठ ओढली. दोऱ्याने नाजूक कड कापली आणि टाका निसटून हातात आला.

"सांगत होतो ना," एवढंही तो म्हणाला नाही, आणि त्याचाच बाईंना जास्त राग आला.

"सुरी द्या," त्या म्हणाल्या. छाती उघडून त्यांनी ती टोकं हाताने जोडली.

बाहेर येऊन त्यांनी आईला सरळ सांगितलं, "मी घाई केली. टाका फाटला. मोठी चीर द्यावी लागली."

आईने त्यांचा हात धरला. "चीर राहू दे हो. गिळेल का माझी पोर?"

"जोड भरल्यावर कळेल."

पुढचे दिवस बाई सगळ्यांवर खेकसत फिरल्या. शेवटी एक्स-रेत दिसणारं औषध नळीने घशात सोडून फोटो काढला. जोड कुठेही गळत नव्हता. आईने चमचाभर दूध बाळाच्या ओठांना लावलं. बाई खाटेपाशी, भूलतज्ज्ञ दारात.

घोट खाली गेला. ठसका नाही, खोकला नाही. बाळाने लगेच आ केला आणि चमच्याकडे मान ताणली.

आईने चमचा मागे घेतला. "थांब गं, थांब जरा..."

"तिला नका थांबवू!" बाई ओरडल्याच, आणि मग सगळ्यांदेखत रडल्या.

भूलतज्ज्ञाने दारातूनच आईला मानेने खूण केली, दे. बाळाने पुन्हा आ केला.