सुनेचा वाटा

एकोणिसशे एकसष्टचा वैशाख. धामणेज बंदराच्या वाळूत कुमुदने चपला काढून हातात घेतल्या, साडी घोट्यावर उचलली आणि सरळ लाटेत पाय घातला.

"अहो, या ना! पाणी चावत नाही."

लवजी कोरड्या वाळूतच उभा राहिला. "तू घे भिजून. मला सर्दी होते."

"शिवून शिवून माणूस सुईच झालाय. ओलं झालं की गंजेल!"

तो हसला नाही. लग्नाला बारा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत तिने दरिया दाखवा म्हणून कितीदा हट्ट धरला, पण तो द्वारकेचंही नाव काढू देत नसे. यंदा मात्र आपण होऊनच म्हणाला, चल, दोन दिवस धामणेजला जाऊन येऊ. पोटी मूल नव्हतं, राजकोटच्या शिवणाच्या दुकानाला कुलूप लावलं की निघता येत होतं. कुमुद हरखून गेली. धर्मशाळेत उतरल्यापासून तो टोपी भुवयांपर्यंत ओढून होता आणि गावच्या गल्ल्या त्याला कुणाला न विचारता सापडत होत्या. हे तिच्या ध्यानात आलं होतं, पण आनंदाच्या भरात तिने ते मनावर घेतलं नाही.

तेवढ्यात ढोल वाजला. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या पलीकडे शेंदूर माखलेले उभे दगड होते, तिकडे एक वरात चालली होती.

"नवरानवरी! चला, बघू या."

"नको. ऊन झालंय."

पण ती पुढे निघालीसुद्धा.

दगडांवर गलबतं कोरलेली होती. कडेला उभ्या असलेल्या, दर्यावर्दी खारव्यांपैकी एका बाईने तिला जागा करून दिली.

"कुठल्या ग तुम्ही?"

"राजकोटच्या. इथे कुणाची पूजा आहे?"

"नवऱ्यामुलाच्या बापाची. दरियात गेलेल्याचा देह मिळाला नाही की आमच्यात दगड बसवतात. घरात लग्न झालं की शेल्याची गाठ त्याच्यापुढे सोडायची, मगच सून घरची. लवजी नाव त्याचं. हे पोर पोटात होतं तेव्हा गलबत बुडालं, सगळ्या माणसांसकट. मग त्याच्या बायकोचा, जीवीचा, दिराशी पाट लावला. ती बघा जीवी, हिरव्या ओढणीतली, कडेवर धाकटी. आणि ती म्हातारी पुरीमा, लवजीची आई."

कुमुदला हसू आलं. लवजी नावाचे काठेवाडात गल्लोगल्ली होते, आणि आपल्या माणसाचं नाव तिला तोंडाने घेता येत नव्हतं.

गाठ सोडून नवरामुलगा उठला आणि वळला.

कुमुदच्या हातातल्या चपला वाळूत पडल्या. तेच बसकं नाक. डाव्या भुवईतला तोच भोवरा. विचारात पडलं की खालचा ओठ दातांत धरायची तीच तऱ्हा. तिने मागे पाहिलं. तिचा नवरा तिच्यामागे येऊन उभा होता आणि खालचा ओठ त्याने दातांत धरला होता.

पोर वळणाचं होतं. परगावचं वडीलधारं माणूस दिसताच ते लवजीच्या पायाशी वाकलं. पुरीमाने त्याचं कोपर धरलं. तिची नजर लवजीच्या तोंडावर गेली आणि तिथेच थांबली. पोराचं कोपर तिने इतकं आवळलं, की ते कळवळलं.

"आधी बापाच्या पाया पड."

"मा, पडलो की मघाशी. हे पाहुणे आहेत."

"पुन्हा पड. तुझा बाप तिथे आहे." बोट दगडाकडे होतं, नजर मात्र हलली नव्हती.

"मा..." लवजी म्हणाला.

तिला अवघं गावच मा म्हणत असे. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"बोला, भाई," म्हातारी म्हणाली. "काही हवंय?"

जीवीने कडेवरची पोर दुसऱ्या कडेवर घेतली. शेजारी तिचा नवरा नारळ फोडत होता. कुमुदच्या तोंडून एक वाक्य निघालं असतं, तर तो पाट, ती पोरं, ही अर्ध्या तासापूर्वीची सून, सगळ्यांचं काय झालं असतं! वाक्य तिच्या ओठांवर आलंही होतं.

"काही नको," लवजी म्हणाला.

पुरीमाने नारळाचे तुकडे वाटायला घेतले. नव्या सुनेला दिला, जीवीला दिला, मग चालत येऊन एक कुमुदच्या हातावर ठेवला.

"मा, हा सुनांचा वाटा!" जीवी म्हणाली. "परक्या बाईला कसा देता?"

"डोळ्यांनी कमी दिसतं ग मला. दिला तो दिला." आणि कुमुदची मूठ मिटवत ती हलकेच म्हणाली, "खा, बेटा. सांभाळ. आणि पुन्हा दरियाकाठी आणू नकोस."

कुमुदने तो तुकडा तिथेच, सर्वांदेखत खाल्ला. मग नवऱ्याला म्हणाली, "चला."

दुसरा दिवस त्यांनी काढलाच नाही. दुपारच्या एसटीत लवजी खिडकीकडे तोंड करून बोलू लागला. "गलबताच्या तांडेलाशी भांडून मी पोरबंदरला उतरलो होतो. मग वादळ झालं. सगळे गेले. मी एकटा कुठल्या तोंडाने येणार होतो? गलबतावरच्या त्या सात जणांच्या बायकांनी मला विचारलं असतं, तूच कसा वाचलास? जीवीला दिवस होते, हे मला..."

"मी विचारलं का?" कुमुद म्हणाली.

पुरीमा त्याच पावसाळ्यात गेली. जीवीने नातवंडं पाहिली. तिचा थोरला, त्या दिवशीचा नवरामुलगा, पुढे तांडेल झाला. धामणेजच्या तीन गलबतांवर त्याचा शब्द चाले आणि दरियात शिरण्याआधी तो बापाच्या दगडाला नारळ वाहिल्याशिवाय जात नसे, असं लोक सांगतात. लवजी पुढे वीस वर्षं जगला. रोज संध्याकाळी दुकान बंद करून आला की तो उंबऱ्याबाहेर थोडा थांबे, परवानगी मागितल्यासारखा. कुमुदने त्याला कधी काही विचारलं नाही, आणि तिने माफ केलं की नाही, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. ती चुलीकडून मान वर न करता म्हणे, "या." इतकंच.

तो गेल्यावर शेजारणी म्हणाल्या, कुमुदबेन, त्यांच्या गावी कुणाला कळवायचं असेल ना? कुमुदने बांगड्या उतरवता उतरवता सांगितलं,

"तिकडे केव्हाच कळवलंय."