आईंचा टब आणि सूनबाईंची गांडुळं

मित्रांनो, मी एक जुना बाथटब आहे. असं म्हणतो खरा, पण म्हणताना थोडा चाचरतोच. कारण हल्ली माझ्यात कुणी अंघोळ करत नाही. मी घराच्या मागच्या अंगणात डाळिंबाच्या झाडाखाली उभा आहे. अंगावर ओलं गोणपाट आहे आणि पोटात गांडुळं वळवळत आहेत. ही माझी थट्टा झाली की माझा मान झाला, हे मला अजून नीट कळलेलं नाही. म्हणून तुम्हांला सगळं पहिल्यापासून सांगतो. तुम्हांला काही उलगडलं तर बघा.

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेलं बीड साच्यात ओतून मला घडवलं, खाली चार वाकडे पाय बसवले आणि आतून पांढराशुभ्र मुलामा चढवला. मुलामा देणाऱ्या कारागिराने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि तो म्हणाला, "ह्याच्यावर डाग टिकायचा नाही." जन्मल्याबरोबर कानावर पडलेलं ते पहिलं वाक्य. डाग टिकू द्यायचा नाही, घाण भोकातून बाहेर घालवायची, हाच आपला धर्म, असं मी तेव्हा मनाशी पक्कं केलं.

गल्लीच्या टोकाला एक अरुंद दुमजली घर होतं. त्याच्या वरच्या न्हाणीघरात मला बसवलं. घरधनीण नव्या संसाराची होती. पुढे तिला मुलगा झाला आणि सगळेजण तिला आई म्हणू लागले, मग मीही म्हणू लागलो. मुलाचं नाव काहीही असो, आई त्याला सोन्या म्हणायची. हा सोन्या बाहेरून आला की ढोपरापासून कानापर्यंत चिखलाने माखलेला असायचा. आई त्याला माझ्यात उभा करून खसाखसा घासायची.

"मान वर कर, सोन्या! मानेवर काय शेत पिकवणार आहेस?"

सोन्या ओरडायचा, पाणी उडवायचा, साबण डोळ्यांत गेला म्हणून भोकाड पसरायचा. आणि त्याला पुसून बाहेर काढलं की आई मलाही तितक्याच मायेने घासायची. मित्रांनो, तेव्हा मला एकही प्रश्न पडत नव्हता. चिखल वाईट, पाणी चांगलं. सगळं कसं सरळ होतं.

सोन्या मोठा झाला. त्याने लाँड्री काढली. ज्याला लहानपणी अंघोळीला धरून आणावं लागायचं, तो आता लोकांच्या सदऱ्यांवरचे डाग काढण्यात वाकबगार झाला. त्याच्या नखांत कधी मळ दिसायचा नाही. त्याचं लग्न झालं, सूनबाई घरात आली. सासू-सुनेचं चारचौघींसारखंच होतं, म्हणजे भांड्याला भांडं लागायचंच. आणि मग एके दिवशी आईंच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय कामातून गेला.

इथून माझा गोंधळ सुरू झाला.

रोज सकाळी सूनबाई आईंना काखेत हात घालून माझ्यात बसवायची.

"पाणी कढत आहे," आई म्हणायच्या. "मला काय उकडायला घातलंय?"

सूनबाई थंड पाणी मिसळायची.

"आता बर्फ झालं. एक काम धड येत असेल तर शपथ!"

सूनबाई निमूटपणे दोन तांबे गरम पाणी ओतायची, पण ओठ घट्ट मिटलेले असायचे. मला वाटायचं, ह्या दोघींना एकमेकींचं तोंड पाहणंही नको झालंय. आणि एके दिवशी आईंनी डाव्या हाताने सूनबाईचं मनगट धरलं. म्हणाल्या, "तू आजारी पडू नकोस हं. मला दुसऱ्या कुणाचा हात चालायचा नाही." सूनबाईने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि कितीतरी वेळ तांब्या तसाच हातात धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी कढत होतं आणि पुन्हा बर्फ होतं. मग ह्यातलं खरं काय? मी टब आहे. मला पाणी किती गरम आहे एवढंच कळतं.

तीन वर्षं असं चाललं. मग एका सकाळी सूनबाई आली, पण एकटीच. नळ सोडला, पाणी भरलं, काठावर बसून राहिली, आणि ते पाणी तसंच सोडून दिलं. आई गेल्या होत्या. हाताला सवय होती म्हणून तिने नळ सोडला असेल का? मला सांगता येणार नाही.

त्यानंतर माझ्या वजनाने खालच्या छताला तडा गेला आणि तिथून ओल आली. प्लंबर म्हणाला, "हे धूड इथून काढा, नाहीतर एक दिवस खालच्या खोलीत येऊन बसेल." चार माणसांनी घामाघूम होऊन मला जिन्यावरून उतरवलं. भंगारवाला दारात उभाच होता. पण सोन्या त्याच्यावर खेकसला, "आईचा टब विकायला मी काय मेलो नाही अजून!" माझी छाती फुगली. पण मग मला ठेवायचं कुठे? मागच्या अंगणात. तिथे मी पडून राहिलो. पावसाचं पाणी साचलं, पानं कुजली, एक बेडूक बिऱ्हाड करून राहिला. सोन्या सुट्टीच्या दिवशी मागच्या दारात येऊन माझ्याकडे बघायचा. "ह्याचं काहीतरी करायला हवं," म्हणायचा आणि आत जायचा. जपलं म्हणायचं की टाकलं म्हणायचं, हे तुम्हीच ठरवा.

सूनबाई मात्र अंगणात रमू लागली. ती जमीन म्हणजे विटांचे तुकडे आणि कडक माती. पण तिने कुदळ हातात घेतली नाही. दुकानांतून जुने पुठ्ठे आणले, ते भिजवून जमिनीवर अंथरले, वर वाळका पाला पसरला. शेजारच्या भिंतीवरून निवृत्त पोस्टमनकाका डोकावायचे.

"काय सूनबाई, बाग करताय की घर बदलताय? एवढे खोके!"

"काका, पार्सलं आहेत. जमिनीच्या पत्त्यावर पाठवतेय."

"पोच कधी मिळणार?"

"पालक उगवला की."

आणि खरंच पालक उगवला. टोमॅटोच्या पायाशी तिने झेंडू लावला, कांद्याच्या ओळींमध्ये गाजरं पेरली. औषध नाही, खतांची पिशवी नाही. उगवलेलं खायचं, उरलेलं मातीला परत द्यायचं, असा तिचा साधा हिशोब.

मग एके दिवशी ती माझ्यापाशी आली. बेडकाला उचलून पाल्यात सोडलं, मला धुतलं. मी हरखलो. पण पुढे जे झालं त्याने माझी वाचाच बसली. तिने माझ्या भोकावर जाळी बसवली, खाली बादली ठेवली. तळाशी खडी, वर ओला कागद, पाला, शेण, भाजीची देठं. आणि रोपवाटिकेतून आणलेला एक डबा माझ्यात उपडा केला. गांडुळं! ज्या अंगावर डाग टिकायचा नाही, त्या अंगात ती गांडुळं सोडत होती. आणि सोडताना पुटपुटत होती, "जा, पसरा. ऐसपैस जागा आहे."

सोन्याला कळायला दोन दिवस लागले. गोणपाट उचललं आणि तो तीन पावलं मागे सरला.

"अगं, हे काय? माझ्या आईच्या टबात किडे?"

"किडे नाहीत, गांडुळं आहेत. खत करतात."

"खताला दुसरं भांडं नव्हतं का घरात? ती होती तोवर तुमचं पटलं नाही. आता गेल्यावर तिच्या वस्तूत उकिरडा भरतेस?"

सूनबाईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने गोणपाट पुन्हा माझ्यावर नीट अंथरलं आणि ती आत गेली. त्या दिवसापासून सोन्याने मागच्या अंगणात पाऊल टाकलं नाही. जेवताना ताटातला पालक बाजूला सारायचा, असं सूनबाईने काकांना सांगताना मी ऐकलं.

इकडे माझ्या पोटातली देठं, सालं, पाला हळूहळू काळीभोर, मऊ माती होऊ लागली. सूनबाईने अंगणाच्या गल्लीकडच्या फाटकाशी एक टेबल मांडलं. सकाळी पालकाच्या जुड्या, टोमॅटो, पुदिना, कागदी पेल्यांत वाढवलेली रोपं, आणि माझ्यातल्या खताच्या पुड्या. गल्लीतली माणसं थांबू लागली. काकांनी तर एकदा माझ्यातली मूठभर माती नाकाला लावली आणि डोळे मिटले. "वा! काय सुंदर वास आहे!" मित्रांनो, मी लाजून चूर झालो. इतकी वर्षं मला निर्मळ ठेवलं तेव्हा कुणी माझा वास घेऊन डोळे मिटले नव्हते. मी चुकीच्या गोष्टीचा अभिमान बाळगत आलो होतो की लोकांनाच वेड लागलं होतं?

आईंना जाऊन वर्ष झालं. त्या दिवसांत सूनबाई भाचीच्या बाळंतपणासाठी गेली होती. सोन्याने लाँड्री बंद ठेवली आणि कितीतरी महिन्यांनी मागचं दार उघडलं. हातात ब्रश, साबण आणि लाँड्रीतली ब्लीचची मोठी बाटली होती. त्याने गोणपाट फेकलं आणि ती बाटली माझ्यात ओतली. आत एकदम कालवाकालव झाली. मग सगळं शांत होत गेलं. फावड्याने त्याने सगळं उपसलं, पोत्यांत भरलं आणि पोती फाटकापाशी नेऊन ठेवली.

मग तो मला घासत बसला. दुपारपर्यंत घासत होता. मी नव्यासारखा चमकू लागलो. माझ्या जन्माचा धर्म पुन्हा पाळला जात होता, मला आनंद व्हायला हवा होता. पण आतून भकास, रिकामं वाटत होतं. सोन्याने भोकात फडक्याचा बोळा कोंबला, घरातून बादल्या भरभरून गरम पाणी आणलं, माझ्यात ओतलं आणि कपड्यांसकट आत जाऊन बसला. पन्नाशीचा माणूस, गुडघे पोटाशी घेऊन. "आई," म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला.

भिंतीवरून काकांचं डोकं वर आलं, त्याला बघितलं आणि हळूच खाली गेलं.

पाणी निवलं तरी तो उठला नाही. तेवढ्यात फाटक वाजलं. सूनबाई परत आली होती. तिने मला बघितलं, नवऱ्याला बघितलं.

"आतलं कुठे टाकलंत?" तिने विचारलं. आवाज अजिबात चढला नव्हता.

सोन्याने फाटकाकडे बोट केलं. ती धावली. पोत्याचं तोंड सोडून मांडी घालून बसली आणि मातीत बोटं फिरवू लागली. मेलेली गांडुळं बाजूला काढू लागली. सोन्या निथळत तिच्यामागे जाऊन उभा राहिला.

"मी फक्त साफ केलं," तो म्हणाला. "आज तिचा दिवस आहे. तू तर तिला विसरूनच गेलीस."

सूनबाईने वर बघितलं नाही. "तीन वर्षं मी त्यांना रोज ह्यात न्हाऊ घातलं. त्या गेल्यावर सकाळी उठले की हात नुसते शिवशिवायचे. काय करू ह्यांचं? हा टब असा रिकामा पडलेला मला बघवत नव्हता हो. ह्यात काहीतरी जिवंत असावं, एवढंच वाटलं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही उकिरडा म्हणालात. पुढे काय बोलणार?"

सोन्या तिथेच चिखलात बसला.  मग त्याने ज्या नखांत कधी मळ दिसला नव्हता ती बोटं पोत्यात घातली. पहिल्या पोत्यात एकही जिवंत नव्हतं. दुसऱ्याच्या तळाशी, जिथे ब्लीच पोचलं नव्हतं तिथे, काहीतरी हललं.

"अगं, हे बघ! हे जिवंत आहे ना? आता कुठे ठेवू? लवकर सांग!"

"टबात नको, औषधाचा वास आहे त्याला."

सोन्या ओल्या कपड्यांनिशी लाँड्रीत पळाला आणि कपड्यांना स्टार्च करायचं घमेलं घेऊन आला. दोघांनी अंधार पडेपर्यंत वेचलेली गांडुळं त्यात ओल्या कागदाखाली ठेवली. घमेल्याचा तळ झाकण्याइतकीही ती नव्हती. पेल्यांतली रोपं त्या हंगामात खुरटीच राहिली, टेबल बरेच दिवस मांडलं गेलं नाही. सूनबाई बोलायची, पण कमी. आणि सोन्या रोज सकाळी मला नुसत्या पाण्याने धुवायचा, वाकून हुंगायचा आणि मान हलवायचा. "अजून येतोय वास." मला काही समजेना. आयुष्यभर मला घाण जावी म्हणून धुतलं. आता हा माणूस माझ्यात पुन्हा माती घालता यावी म्हणून धूत होता.

एका सकाळी सूनबाईने वाकून हुंगलं. "गेला वास," म्हणाली. सोन्यानेच पाला पसरला. घमेलं त्यानेच उपडं केलं, डोळे घट्ट मिटून, आणि मग एक डोळा उघडून.

आता फाटकाशी पुन्हा टेबल असतं. सोन्या कडक इस्त्रीचा सदरा घालून पालकाच्या जुड्या बांधतो आणि गिऱ्हाइकांना खत कसं घालावं ते सांगतो. परवा पोस्टमनकाकांनी मला ठोकून विचारलं, "एकदाचं सांगून टाका बुवा. हे नक्की आहे काय?"

दोघंही एकदम बोलले.

"गांडूळघर," सोन्या म्हणाला.

"आईंचा टब," सूनबाई म्हणाली.

आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग सूनबाईला हसू फुटलं, आणि तिच्यामागोमाग सोन्यालाही.

मित्रांनो, मी तर आणखीच गोंधळलो. पण एवढं मात्र तुम्हांला हात जोडून सांगतो. घरातली कुठलीही वस्तू घासायला, काढायला किंवा भरायला घ्याल, तेव्हा आधी शेजारच्या माणसाला विचारा, "ह्यात तुझं काही आहे का?" उत्तर ऐकायला थोडं थांबा. आणि मग गोणपाट उचलून, वाकून, आत एकदा बघा.