मला बाजूला सारलं

मी पाश्चात्य स्वरलिपीतल्या पाच रेघांवरचा एक काळा ठिपका बोलतोय. गाणारे मला स्वर म्हणतात. रागावलोय, हे आधीच सांगतो. गोड बोलून आजवर माझ्या पदरात काही पडलेलं नाही.

एका म्हाताऱ्या संगीतकाराच्या पेन्सिलीतून मी जन्मलो. त्याच्या दोन्ही मुली गाणाऱ्या. आईच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून दोघींचा अबोला. आई गेली, अबोला राहिला. म्हाताऱ्याने दोघींसाठी एक गाणं लिहिलं. शेवटच्या ओळीत थोरलीच्या स्वराला अगदी लागून, एकच पायरी खाली, धाकटीसाठी मी. दोघींनी एकाच क्षणी गायचं. कानाला खुपणारच.

"खुपू दे," तो म्हणायचा. "भांडतील, पण एकत्र तरी भांडतील."

असे शेजारी स्वर कागदावर एकमेकांवर चढतात, म्हणून एकाला केसभर उजवीकडे घ्यायची रीत आहे. सॉफ्टवेअरने तेवढं केलंही होतं. पण गाणं छपाईसाठी संगणकावर जुळवणाऱ्या गृहस्थाला टापटिपीचा सोस! त्याने मला माउसने धरून ओढलं. मग अजून थोडं. "आता कसं मोकळं वाटतं," म्हणाला. अरे शहाण्या, पाच रेघांवर उजवीकडे म्हणजे नंतर! पण ठिपक्याचं ऐकतो कोण?

तालमीत थोरलीने आपला स्वर लावला, सोडला. मग धाकटीने मला गायलं. एकमेकींना धक्का न लावता, घरी वागतात तशाच. माझा नुसता संताप झाला.

"एकदम गा गं," म्हातारा म्हणाला.

"बाबा, छापलंय तसंच गातेय. तिच्यानंतर."

"बरोबर आहे तिचं," थोरली म्हणाली. आईच्या माघारी दोघींचं पहिल्यांदा एकमत झालं, तेही माझ्या चुकीच्या जागेवर.

म्हाताऱ्याने एकाच प्रतीवर मला खोडून थोरलीच्या स्वराला चिकटून पुन्हा काढलं. दुसरी प्रत काढून घेतली. दोघींना एका कागदावर वाकावं लागलं. दोन्ही स्वर एकदम लागले, खुपले. धाकटीचा आवाज मध्येच कापला. तो सावरेपर्यंत थोरलीने आपला स्वर सोडला नाही.

म्हाताऱ्याने जुळवणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणे, "बाकीच्या गाणाऱ्यांना प्रती वाटून झाल्या." बाकी सगळ्या कागदांवर मी अजून लांबच उभा आहे. गाणाऱ्यांनो, तिथली माझी जागा खोटी आहे. थोरलीचा श्वास संपायची वाट बघू नका. ती गातेय तेव्हाच मला गा.