गोजरबाईच्या परसातली बिट्टी

“बी खोल लाव गं, आन् हात धुतल्याबिगर तोंडाला लावू नको. फूल देवाचं, पर चीक इखारी हाय.”

आणे गावाच्या पठारावर एका आईनं सासरी निघालेल्या लेकीला हे सांगितलं, तेव्हा मी बी होऊन त्या लेकीच्या ओच्यात बसले होते. मित्रांनो, आता मी जुन्नरच्या एका परसातली म्हातारी बिट्टी आहे. त्या लेकीचं नाव गोजरबाई. मोरीचं पाणी जिथं जिरतं तिथं तिनं मला लावलं. शेळ्यांपासून राखावं लागलं नाही; माझ्या पानाला शेळी तोंडच लावत नाही.

फुलं आली ती पिवळीधमक, खाली मान घातलेल्या घंटांसारखी. दर सोमवारी परडी भरून ती महादेवाला जात. भिंतीपलीकडे जोहराबी राहायची, कागद करणाऱ्या तय्यबची बायको. ती डोकावून म्हणायची, “गोजरबाई, तुझ्या घंटा वाजत कशा न्हाईत गं?”

“देवाला ऐकू येत्यात.”

“मला तर निस्तं तुझ्या धन्याचं घोरणं ऐकू येतंय!”

असे माझे सुखाचे दिवस होते.

गोजरबाईची सून लंकाबाई. तिची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. पुन्हा दिवस गेले आणि पाचवा महिना सरला तेव्हा गोजरबाईनं सोळा सोमवार धरले. आपल्या हातानं लावलेल्या झाडाचीच फुलं वाहीन, एकही सोमवार चुकवणार नाही, असा तिचा नेम. शेवटचा सोमवार तेवढा उरला होता आणि लंकाबाईचे दिवसही भरत आले होते.

त्याच साली गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. घरात उंदीर पडला की त्याच दिवशी घर सोडायचं, माळावर खोपी घालून राहायचं, अशी रीत पडली होती. माळावर गेलेलं माणूस साथ सरेपर्यंत गावात परत पाऊल टाकत नसे.

एका दुपारी माझ्या सावलीत उंदीर आला. झिंगल्यासारखा गोल फिरला आणि आडवा झाला. गोजरबाईनं पाहिलं. क्षणभर हात जोडून उभी राहिली. मग खुरपं आणलं आणि त्याला माझ्या मुळाशी पुरलं.

“एवढा सोमवार हू दे, देवा,” ती पुटपुटली. “मंग निघतोच.”

देवावरची श्रद्धा होती ती, मित्रांनो. तिला पाप म्हणवत नाही. पण त्या मातीतून काहीतरी बारीक, काळं टुणटुण उडू लागलं होतं. पिसवा त्या. गार झालेलं अंग सोडून त्या ऊन अंग शोधतात. झाडाला हे कळत होतं, सांगायला तोंड नव्हतं.

“काय पुरलंस गं?” भिंतीवरून जोहराबीचा आवाज आला.

“खत.”

“खताला शेपूट असतंय व्हय?”

गोजरबाईनं हातातलं खुरपं खाली टाकलं. “आज गेले तर नेम मोडंल, जोहराबी. हे बी लेकरू जाईल.”

“आन् ऱ्हायलीस तर? लंका जाईल, पोटातलं जाईल, तू बी जाशील. फुलं वाहायला कोण उरंल?” जोहराबीचा आवाज खाली आला. “सूनबाईला घेऊन आत्ताच निघ. सोमवारी तुझ्याच झाडाची फुलं मी माळावर पोचती करीन. माझ्या हातची चालतील का तुझ्या देवाला?”

“देवाला चालतील,” गोजरबाई डोळे पुसत म्हणाली. “भटाला मी इचारतच न्हाई.”

दिवस मावळायच्या आत गाडी निघाली. जाताना गोजरबाईनं माझ्या खोडावर हात ठेवला. पुढं जोहराबीचं घरही रिकामं झालं; तीही माळावर गेली. आळीतलं जातं थांबलं, कोंबडा आरवेना. माझ्या मुळाशी आणखी उंदीर येऊन पडले. त्यांना पुरायलाही कुणी नव्हतं.

मित्रांनो, मुलाबाळांनो, घरात वाईट शिरलं तर ते झाकू नका. मुकं झाड गप्प राहतं, पण झाकलेलं संकट गप्प बसत नाही.

सोमवारी पहाटे वारा सुटला. फुलांना येणाऱ्या जोहराबीनं आत पाऊल टाकू नये म्हणून मी सारं अंग झटकलं. पुष्कळ फुलं भिंतीपलीकडं, आळीच्या वाटेवर पाडली. घे बाई, इथूनच उचल आणि माघारी फीर!

जोहराबी आली. एकटीच, अनवाणी. वाकून एक फूल उचललं, तळहातावर धरून पाहिलं आणि हळूच भिंतीवर ठेवून दिलं.

“भुईवर पडलेलं देवाला वाहत न्हाईत,” ती स्वतःशीच म्हणाली. एवढी वर्षं शेजारी राहिलेल्या बाईला एवढं ठाऊक होतं.

तिनं परसाची कडी काढली. पडलेले उंदीर तिला दिसले. तिनं अल्लाचं नाव घेतलं, पदर नाकाला लावला आणि माझ्या मुळाशी येऊन उभी राहिली. देठाला धक्का न लावता एकेक घंटा खुडली. तिच्या पावलांवर काळे ठिपके चढत होते, त्याच पिसवा. मी पानं सळसळवली. तिला तो वाराच वाटला.

परडी भरली. जोहराबीनं कडी लावली, परडी छातीशी धरली आणि माळाच्या वाटेला लागली.