दाखवण्यापुरता पंप

मी एक जुना पंप आहे. विहिरीचा नव्हे, सायकलचाही नव्हे. दम्याच्या रुग्णाने छातीत औषध ओढून घ्यायचा, मुठीत मावणारा. मित्रांनो, हेही पुरते खरे नाही. मी औषधांच्या दुकानात नुसता दाखवण्यापुरता ठेवलेला आहे. माझ्या पोटात औषधाचा कण कधी पडला नाही. समोर कपाटभर औषधे असताना रिकाम्याने काय बोलावे, असे वाटून मी आजवर गप्पच होतो.

कारखान्यात माझ्याबरोबर पुष्कळ भावंडे साच्यातून निघाली आणि घरोघरी गेली. माझ्या पाठीवर मात्र 'विक्रीसाठी नाही' असे छापले. ते मला बरीच वर्षे हिणवल्यासारखे वाटे.

दुकान दोघा भावांचे. थोरला औषधशास्त्र शिकलेला. सगळी वस्ती त्याला दादा म्हणे. धाकटा पैसे घेई. सुरुवातीला गर्दी नसे. कुणी दम्याच्या कॅप्सूल घ्यायला आले की दादा माझ्यात एक रिकामी कॅप्सूल ठेवी, झाकण दाबून तिला भोक पाडी, मला ओठांत धरी आणि जोरात श्वास ओढी. कॅप्सूल आत भिर्र करून फिरे.

"आवाज आला? आला म्हणजे औषध छातीत गेलं. ही गिळायची नाही बरं का, पोटात गेली की वाया."

मग समोरच्या माणसाकडून, त्याच्या नव्या पंपावर, तेच करून घेई. बरोबरची मुले "पुन्हा करा ना!" म्हणत. ते माझे सुखाचे दिवस.

पुढे रांग वाढली. धाकटा कुरकुरू लागला, "दादा, आपण औषधं विकतो, शिकवणी नाही घेत. सांगायचं काम डॉक्टरांचं."

"डॉक्टरांकडेही रांगच असते रे. शेवटी माणूस आपल्यासमोर येऊन उभा राहतो. आपण नाही सांगितलं तर कोण सांगणार?"

दादा असे म्हणे खरा, पण हळूहळू कमी वेळा म्हणू लागला. अखेर मी खालच्या खणात गेलो, रबरबँड आणि सुकलेल्या शाईच्या पॅडशेजारी. माझ्या जागी एक प्रश्न उरला : "पंप आहे ना घरी?"

समोर पिठाची गिरणी होती. ती चालवणाऱ्या मावशींचा आवाज गिरणीच्या घरघरीवरून रस्ता ओलांडून येई. "एवढी घाई असेल तर बसा घरी जात्यावर!" असे त्या गिऱ्हाइकाला बिनदिक्कत सुनावत. पण आमच्या दुकानात त्यांचा आवाज बसे. त्यांना दमा होता आणि तो शब्द चारचौघांत उच्चारायची लाज वाटे. खोकणाऱ्या बाईकडे दळण कोण टाकणार? त्या कॅप्सूल घ्यायला आल्या आणि दादाने नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी घाईने मान हलवली. पंप घरी होता, पण सासऱ्यांचा, फवारा मारायचा, कधीच संपलेला. त्यात कॅप्सूल बसतच नाही. हे सगळे मला मागाहून कळले.

त्यानंतर गिरणीची घरघर तुटक येऊ लागली. काही दिवस तर दुपारपासूनच बंद. एके दिवशी मावशी आल्या आणि पायरीवरच बसल्या.

"दादा... ह्या गोळ्या बदला. लागू... नाही पडत."

"घेताय कशा?"

"जेवल्यावर. पाण्याबरोबर."

मग धाकटा रिक्षा आणायला धावला आणि दादा मावशींना घेऊन दवाखान्यात गेला.

परत आल्यावर त्याने खण उघडला. रबरबँडांच्या गुंत्यातून त्याने मला सोडवले. माझी तर मान वर होईना. औषध पदरात असून एक बाई श्वासाला महाग झाली, आणि मी शिकवणारा हाताच्या अंतरावर लोळत होतो. मला आपणहून बाहेर येता येत नाही, हे खरे. पण तेवढ्याने लाज कमी होत नाही.

मावशी बऱ्या होऊन आल्या त्या आवाज घेऊनच. "दादा, दमा माझ्या पोटाला असता ना, तर एव्हाना बरा झाला असता!"

सगळी रांग हसली. "चला, झालं गेलं," म्हणत धाकट्याने पिशवी पुढे केली. विषय तिथेच मिटला असता. पण दादा मला घेऊन फळीमागून बाहेर आला.

"मावशी, चूक तुमची नाही, माझी आहे. मी विचारलं, पण करून बघायला लावलं नाही."

गिऱ्हाइकांसमोर असे बोलणे औषधवाल्याला किती जड जाते, ते मी त्याच्या मुठीत जाणले. आता हे लोक उठून दुसऱ्या दुकानात जातील, असे मला वाटले. धाकट्यालाही तेच वाटले असावे. तो खाली बघत होता.

एवढ्यात मागून इस्त्रीच्या शर्टातले एक आजोबा पुढे सरकले. त्यांनी खिशातून तशाच कॅप्सूलची डबी काढली आणि कसेबसे म्हणाले, "मीसुद्धा पाण्याबरोबरच घेतो."

धाकट्याने स्टूल ओढले. "बसा आजोबा. दादा, दाखव ह्यांना."

मित्रांनो, मी आता फळीवर सगळ्यांना दिसेल असा असतो. तरी काही मोठी माणसे मला पाहून नजर चुकवतात. मी ती नजर ओळखतो, कारण माझीही तशीच झाली होती. तुमच्या घरच्या कुणाला औषध चालू असेल, तर त्यांच्याबरोबर एकदा दुकानात जा आणि ते औषध कसे घेतात ते तिथे करून दाखवायला सांगा. ते लाजतील, "कळतं रे मला" म्हणतील. तेव्हा त्यांना कोपराने हळूच ढोसा.